ठाण्याला पाठवायचं, पण पैसे कुणी भरायचे?

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात एखादा माणूस जरा वेगळं वागू लागला की लोक सहज बोलून जातात, "याला ठाण्याला पाठवा." इथे ठाणे म्हणजे शहर नव्हे. ठाणे म्हणजे १९०१ साली सुरू झालेलं, नरोत्तमदास माधवदास यांचं नाव दिलेलं मनोरुग्णालय. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ साली रायगड झाला, पण इथल्या मनोरुग्णाची वाट अजून ठाण्यालाच जाते. चेष्टेत पाठवणं सोपं असतं. खरोखर पाठवायची वेळ येते तेव्हा आजाराचं नावही नीट कळलेलं नसतं आणि घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. कोण भरणार? कागदावर सही कोण करणार? मग आई भावाकडे बघते, भाऊ बायकोकडे बघतो, आणि नवरा असेल तर तो बहुतेक वेळा आधीच निघून गेलेला असतो.

हा प्रश्न घरगुती आहे असं आपण धरून चालतो. तो तसा नाही. मनोरुग्णाच्या खर्चाची जबाबदारी कुणाची, हे गेली एकशे साठ वर्षं कायद्याने ठरवलेलं आहे. तो कायदा दोनदा मोडून नव्याने लिहिला गेला. शेवटच्या वेळी तर त्याची दिशाच उलटी झाली. पण ही उलथापालथ आपल्या वस्त्यांपर्यंत पोचलेली नाही, आणि कायद्याने जे देणं आपल्या डोक्यावर ठेवलेलंच नाही ते आपली माणसं उचल घेऊन, भांडी-डाग गहाण टाकून फेडत आहेत. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगतो.

१८५७ चं बंड मोडल्यावर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं. १८५८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात "वेड्यां"विषयी एका पाठोपाठ तीन कायदे झाले: ३४ वा, ३५ वा आणि ३६ वा. यातला फक्त ३६ वा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. उरलेल्या दोन कायद्यांचा मुख्य विषय होता, माणूस वेडा ठरला तर न्यायालयाने चौकशी कशी करायची आणि त्याची इस्टेट कुणाच्या ताब्यात द्यायची. तीनपैकी दोन कायदे मालमत्तेची काळजी घेणारे! आजारी माणसाला बरं कसं करायचं याची काळजी त्यात शोधून सापडत नाही. ज्याच्याकडे इस्टेट नाही त्याच्या बाबतीत सरकारला एकच चिंता होती. तो रस्त्यावर दिसू नये, आणि त्याला कोंडण्याचा खर्च शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून तरी वसूल व्हावा.

या तिन्ही कायद्यांची एकत्र मोट बांधून १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट आला. त्याचं सातवं प्रकरण म्हणजे ८६ ते ९० ही पाच कलमं, आणि त्याचा विषय वेड्यांचा खर्च. कार्यकर्त्यांनी ही पाच कलमं एकदा तरी वाचावीत, कारण आजही कितीतरी सरकारी टेबलांवर डोक्यात तोच कायदा चालतो.

घरच्यांनी अर्ज करून माणसाला दाखल करायचं असेल, तर मॅजिस्ट्रेटसमोर कुणीतरी लेखी हमी द्यावी लागे की याच्या पोषणाचा खर्च मी देईन. धोकादायक ठरवलेल्या माणसाला यातून सूट होती. बाकीच्यांना हमीशिवाय दार उघडत नसे. "पोषणाचा खर्च" या शब्दांत राहणं, जेवण, कपडे, औषध, देखभाल हे सगळं होतं, वर इस्पितळात नेण्या-आणण्याचा खर्चही होता. पोलिसांनी भटकताना धरलेला माणूस असेल, तर त्याच्याजवळ सापडलेले पैसे त्याच्याच खर्चात जमा करायचे आणि अंगावरची जंगम चीजवस्तू विकून तीही त्यात घालायची, असं ८७ वं कलम सांगत होतं. म्हणजे गाठोड्यातली चिल्लर आणि हातातलं कडंसुद्धा. त्याची इस्टेट असेल, किंवा त्याला पोसायला कायद्याने बांधलेला आणि ऐपत असलेला माणूस सापडला, तर खर्चवसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जाता येई. न्यायालयाचा हुकूम हुकूमनाम्यासारखाच अमलात येई. आणि शेवटचं कलम बजावून सांगतं की माणूस इस्पितळात गेला म्हणून नातेवाइकांची जबाबदारी संपत नाही.

यातलं काहीच नसेल, हमी नाही, हुकूम नाही, तर खर्च सरकारचा. म्हणजे सरकारची पाळी सगळ्यात शेवटी.

आता हा कायदा कुलाबा जिल्ह्यात ठेवून बघा. त्या काळचा कुलाबा म्हणजे खोतीचा मुलूख. जमीन खोताची, कसणारा कूळ. आगरी, कुणबी, महार, कातकरी, राबणारे सगळे आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, तो याच जिल्ह्यात. बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेही याच व्यवस्थेविरुद्ध. प्रत्यक्षात खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. असल्या मुलखात "वेड्याची इस्टेट" हे शब्द किती लोकांना लागू पडत असतील? खोताच्या घरातला माणूस आजारी पडला तर त्याच्या जमिनीची व्यवस्था बघायला जिल्हा न्यायालय होतं. कुळाच्या घरातला आजारी पडला तर त्याला हमी देणारा हवा. त्याच्या ओळखीतला हमी देण्याइतका ऐपतदार माणूस कोण? पुन्हा खोत किंवा सावकार. हमी मिळाली नाही तर एकच वाट उरे, माणूस धोकादायक ठरेपर्यंत किंवा रस्त्यावर भटकेपर्यंत थांबायचं आणि मग पोलिसांच्या हातून आत जायचं. भगताकडे नेणं, खांबाला बांधून ठेवणं याला आपण नुसतं अंधश्रद्धेचं लेबल लावतो. अंधश्रद्धा होतीच, आजही आहे. पण दार उघडायला सावकाराची सही लागत असेल तर माणूस भगताकडेच जाणार, हेही खरं.

शिवाय आत जागा तरी किती होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे. साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा, म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा तीनशे लोकांमागे एक होती. त्याच इंग्लंडमध्ये जुन्या गरीब-कायद्याखाली नातेवाइकांना धरून खर्च वसूल करण्याची पद्धत होती. १९४८ साली त्यांनी तो कायदाच मोडीत काढला, कुटुंबाची जबाबदारी नवरा-बायको आणि लहान मुलांपुरती आवळली आणि इस्पितळाचा खर्च राष्ट्रीय आरोग्य सेवेवर टाकला. आपल्याकडे मात्र त्यांनीच लिहून दिलेला १९१२ चा कायदा पुढे आणखी पंचेचाळीस वर्षं चालला.

बाबासाहेबांनी या कायद्यावर कधी खास भाषण केलं असा दावा मी करणार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, समवर्ती सूचीत १६ वी नोंद मनोरुग्णता आणि मनोरुग्णांच्या उपचारस्थळांची आहे, आणि ती बरीचशी १९३५ च्या कायद्याच्या वळणाची आहे. बाबासाहेबांचं उत्तर शोधायचं तर दुसरीकडे बघावं लागतं. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचं काम प्रा. अडारकरांकडे दिलं गेलं. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्यामागचा विचार साधा पण उलथवणारा होता. आजारपणाचा खर्च हा आजारी माणसाच्या घरावरचा दंड नाही. तो मालक, कामगार आणि सरकार यांनी मिळून उचलायचा आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी विमा हा सरकारचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असं मांडलं. कुटुंबाच्या खांद्यावरचं संकट समाजाने वाटून घ्यायचं, ही ती दिशा.

जाता जाता एक गोष्ट. राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ आजारांची यादी आहे आणि तीत स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार आहेत. पात्र कामगाराला अशा आजारात वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आणखी कुठल्या कारखान्यात जाणाऱ्या आपल्या पोरांनी, विशेषतः ठेकेदाराकडच्या पोरांनी, आपली वर्गणी कापली आणि भरली जाते का हे एकदा तपासावं. नुसती वेतनचिठ्ठी मागितली तरी पुष्कळ कळतं.

१९८७ साली मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट आला. अंमल व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडलं. भाषा बदलली. "वेडा" गेला, "मानसिक आजारी व्यक्ती" आली, मानवी हक्कांचं एक कलम आलं. पण खर्चाचं प्रकरण पुन्हा सातवंच, कलमं ७८ ते ८०, आणि सांगाडा १९१२ चाच. कुणी हमी घेतली नसेल तर सरकार, इस्टेट असेल तर वसुली, पोसायला बांधलेला नातेवाईक असेल तर जिल्हा न्यायालयामार्फत त्याच्याकडून, आणि शेवटी तेच बजावणं की नातेवाइकांची सुटका नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा हाच कायदा लागू होता. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे ठेवलं म्हणून बोटं मोडणारे खूप निघाले. सरकारी खाट कुठे होती, हे कमी लोकांनी विचारलं.

आता मुद्द्याचं बोलू. जुन्या कायद्यातही "पोसायला कायद्याने बांधलेला" असे शब्द होते. हा बांधलेला माणूस कोण? १९५६ चा हिंदू दत्तक व पोषण कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे नवऱ्याने बायकोला पोसायचं, आईबापांनी अज्ञान मुलांना आणि अविवाहित मुलीला, मुलांनी म्हाताऱ्या वा अपंग आईबापांना. अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्या कातकरी-ठाकर बांधवांना, हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ वं कलम होतं, जे आता नव्या संहितेत १४४ वं झालं आहे. मानसिक किंवा शारीरिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणारं सज्ञान मूलही त्यात येतं. मात्र ज्याच्याकडून मागायचं त्याच्याकडे पुरेशी ऐपत असली पाहिजे, ही अट त्या कलमातच लिहिली आहे.

या यादीत भाऊ नाही. वहिनी नाही, चुलता नाही, मेहुणा नाही. (वडिलांची मिळकत भावाकडे आली असेल तर त्या मिळकतीतून अविवाहित बहिणीचं पोषण करावं लागतं, एवढाच अपवाद. आपल्याकडे मिळकत किती येते हे वेगळं सांगायला नको.) पण माझ्या कामात मी ज्यांना हमीपत्रावर अंगठा उठवताना, बिल भरताना पाहिलं ते बहुतेक भाऊच होते, आणि म्हाताऱ्या आया. ज्याच्यावर कायद्याचं खरं बंधन आहे तो नवरा बायकोला माहेरी आणून सोडतो आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं मनोविकाराचं कारण दाखवून घटस्फोट मागतो. पोटगी मागायचा हक्क तेव्हाही तिच्याकडे असतो, पण तिच्या वतीने न्यायालयात जाणार कोण? बांधलेला सुटतो आणि न बांधलेला फेडत बसतो. आमच्याकडच्या एका खासगी दवाखान्यात, नाव घेत नाही, बिल पुरं होईपर्यंत पेशंट सोडणार नाही असं एका भावाला सांगितलं गेलं. त्याने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली. दिवाळीनंतर त्याचं अख्खं कुटुंब भट्टीवर गेलं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली म्हणतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे सगळं उलटं केलं. तो २०१८ मध्ये लागू झाला. त्यात ते जुनं सातवं प्रकरण नाही. नातेवाइकांकडून वसुलीची कलमंच काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी १८ वं कलम आहे आणि ते हक्काच्या भाषेत बोलतं. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेवेतून परवडणाऱ्या खर्चात, जवळच्या अंतरावर, पुरेसे उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. जात, वर्ग, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही, आणि "जात" हा शब्द तिथे छापलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मनोरुग्ण सेवा पूर्ण मोफत. त्याच्याकडे तसं कार्ड असो वा नसो, हेही शब्द कायद्यात आहेत. निराधार आणि बेघर माणसालाही तेच लागू. म्हणून खिडकीवर "पिवळं रेशनकार्ड आणा, मग बघू" असं ऐकायला मिळालं तर १८ वं कलम पुढे ठेवा. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत. पेण आणि रोहा इथली उपजिल्हा रुग्णालयं यात येतात. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत.

मग पैसे जातात कुठे? रोह्याहून दिव्याची गाडी, तिथून बदलून ठाणे, सोबत दोन माणसं, तिघांचे दिवस बुडाले. महिन्याच्या गोळ्यांसाठी हे दर महिन्याला. दोन-तीन महिने जमतं, मग गोळ्या सुटतात, आजार उलटतो, आणि घाबरलेलं घर जवळच्या खासगी दवाखान्यात धाव घेतं. खरा खड्डा तिथे पडतो. काही मित्र म्हणतात, सरकारवर सगळं टाकून कसं चालेल, शेवटी माणूस आपला आहे. माणूस आपलाच आहे, त्याला जेवू घालणं, गोळी वेळेवर देणं, त्याला माणसात ठेवणं हे कुणी टाकून देत नाही. प्रश्न बिलाचा आहे. आणि याच खासगी बिलाबद्दल १८ व्या कलमात एक तरतूद आहे, जी मला तरी कुठल्या मेळाव्यात कुणी सांगताना ऐकू आलेली नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या किमान मानसिक आरोग्य सेवा जिल्ह्यात सरकारी पातळीवर उपलब्ध नसतील, तर माणूस त्या जिल्ह्यातली दुसरी सेवा घेऊ शकतो आणि तो खर्च सरकारने सोसायचा. २०१८ च्या नियमांत अर्ज कुणाकडे करायचा तेही दिलं आहे: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे.

सहीबद्दल एक खुलासा. या कायद्यात रुग्ण स्वतःचा "नामनिर्देशित प्रतिनिधी" नेमू शकतो. बऱ्याचदा भावाला तिथे सही करायला सांगतात आणि त्याला वाटतं आपण पैशाची जबाबदारी घेतली. प्रतिनिधीची कर्तव्यं १७ व्या कलमात आहेत. रुग्णाची इच्छा लक्षात घेणं, माहिती मिळवणं, उपचाराच्या निर्णयात साथ देणं, सुटकेसाठी अर्ज करणं. बिल भरणं त्यात नाही. दवाखान्याने त्याच्याबरोबर वेगळं हमीपत्र पुढे सरकवलं असेल तर तो वेगळा कागद आहे, वाचूनच सही करा.

बाहेर पडण्याचा प्रश्न तर आत जाण्याइतकाच जुना आहे. ठाण्याच्या रुग्णालयाच्या मंजूर खाटा १८५०. तिथे आणि राज्याच्या इतर मनोरुग्णालयांत बरी झालेली माणसं वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण न्यायला कुणी येत नाही. घरचे येत नाहीत यामागे निष्ठुरपणा असतोच असं नाही. पुष्कळदा भीती असते की आणायला गेलो तर मागचं सगळं बिल आपल्या गळ्यात पडेल. १९ वं कलम सांगतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. तिथे सरकारने आधार द्यायचा. २०२१ साली महाराष्ट्राने अशा माणसांना भिक्षेकरीगृहात, वृद्धाश्रमात हलवण्याचा मार्ग काढला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवायला सांगितलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानेही या कायद्याच्या अंमलबजावणीवरून राज्याला खडसावलं. म्हणजे मुंबई-दिल्लीत भांडण चालू आहे. आपल्या तालुक्यात ते कुणी सुरू केलेलं नाही.

त्याला पैसा लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि मानसिक आजारी व्यक्तीला, दोघांनाही १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाने मोफत वकील मिळतो. पेण आणि रोहा दोन्हीकडे न्यायालय आहे, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज तिथेच द्यायचा. खर्चाच्या परताव्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो. रुग्णाचं नाव, गाव, कुठल्या तारखेला कुठल्या सरकारी रुग्णालयात गेलो, तिथे डॉक्टर किंवा औषध नव्हतं हे, खासगी बिलांच्या झेरॉक्स, आणि "मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८" हा उल्लेख. सरकारी रुग्णालयात औषध नसेल तर "उपलब्ध नाही" असं केसपेपरवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर त्याच दिवशी तसं पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पेण-रोह्यातून असे पाच-दहा अर्ज एकत्र गेले तर अलिबागला उत्तर द्यावं लागेल. ज्यांच्या वस्तीत असं घर आहे त्यांनी कळवा. अर्ज लिहायला मी येतो.